पुसल्यावर अर्धा तास

३ फेब्रुवारी

भिंगरीस,

चौदा वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून लगेच रुमाल शोधू नकोस. हे पत्र समेटाचं नाही. समेट करायचा असता तर तुझ्या नवऱ्याला लिहिलं असतं. तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे आणि तुम्ही दोघं इथून गेल्यापासून दर वाढदिवसाला न चुकता मला दोन ओळी पाठवतो, त्यातली एक हवामानाची असते. फोन करणार नाही, कारण फोनवर तू मधे मधे बोलतेस.

हे पत्र काजळीबद्दल आहे.

ती अजून आहे. घोडी आता चोवीस वर्षांची झाली. पाठ खाली बसली आहे, दात लांब आलेत, पण डोळ्यांभोवतीची काळी रेघ जशीच्या तशी. जन्माच्या वेळी तिचा पुढचा पाय आत दुमडला होता आणि तू कोपरापर्यंत हात घालून तो सरळ केलास, हे मी विसरलेले नाही. मी बाकीचंही काही विसरलेले नाही. ते असो.

तिच्या पोटी गर्भ टिकत नाही हे तुला माहीत आहे. तरुणपणीच गर्भाशय खराब झालं. तिचं शिंगरू हवं असेल तर अंडी बाहेर काढायची, प्रयोगशाळेत फलित करायची आणि गर्भ दुसऱ्या घोडीत ठेवायचा, हा एकच रस्ता तेव्हा होता आणि आजही आहे. आता तो रस्ताही संपत आला. तिला धाप लागते. डॉक्टरीण म्हणते, येत्या सत्तावीस तारखेला शेवटची अंडी काढायची, त्यानंतर या म्हातारीला सुई लावायची नाही. (डॉक्टरीण म्हणजे माझी ती विद्यार्थिनी, कडेला उभी राहून सगळं वहीत उतरवून घ्यायची ती. आता प्रयोगशाळा तिच्याकडे आहे.)

आणि प्रयोगशाळेची अवस्था ऐक. गेल्या पाच महिन्यांत एकही गर्भ पाचव्या दिवसापुढे गेलेला नाही. एकही नाही! अशा जागी काजळीची शेवटची अंडी द्यायची म्हणजे विहिरीत टाकण्यासारखंच आहे. म्हणून मला बोलावलंय. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत ज्यांना माझी आठवण झाली नाही, त्यांनी काल दारात गाडी पाठवली. मी ड्रायव्हरला तीन मिनिटं ताटकळत ठेवलं. जास्त ठेवणार होते, पण माझ्याच्याने राहवेना.

काजळीला तू हाताने ओढून जगात आणलंस, म्हणून तुला कळवणं माझं काम. ते झालं. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी नणंद, नाइलाजाने


११ फेब्रुवारी

भिंगरीस,

पुन्हा लिहिते आहे, कारण या शहरात हे ज्याला कळेल असं माणूस नाही. शेजारणीला सांगायला गेले तर ती म्हणाली, "अगोबाई, घोड्यांचंसुद्धा करतात?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खोली ओळखणार नाहीस. तुझी ती खिडकी, जिच्यात तू कप ठेवायचीस, ती कायमची बंद केली आहे. आता छतातून गाळलेली हवा येते. आपला कपाटाएवढा इनक्युबेटर गेला. त्याच्या जागी टेबलावर चार छोट्या पेट्या, पावाच्या डब्याएवढ्या, प्रत्येकीला आपलं झाकण. सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. भिंतीवर मात्र माझ्याच अक्षरातली नियमांची पाटी, प्लास्टिकमध्ये घालून टांगलेली. हात धुवा. पेटी आतून स्पिरिटने पुसा. पुन्हा पुसा. लगेच डिश ठेवा, दार बंद करा. गप्पा नाहीत. चहा नाही.

शेवटचे दोन नियम कोणासाठी लिहिले होते ते तुला सांगायला नको.

मी डॉक्टरिणीला विचारलं, "तुम्ही नक्की काय बदललंत?"

"पद्धतीत काहीच नाही, बाई. तुमची पाटी पाळतो. अक्षरशः."

"मग पाळण्यात चूक असेल."

"मग तुम्हीच करून दाखवा," ती म्हणाली. माझ्या तोंडावर! मीच शिकवलंय तिला असं बोलायला, त्यामुळे ॲप्रन चढवला.

करून दाखवलं. दुसऱ्या दोन घोड्यांची नऊ अंडी होती. सहा वर्षांनी खुर्चीवर बसले, मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि भिंगरी, हात थरथरला नाही! अडुसष्टाव्या वर्षी! घोड्याचा शुक्राणू अजून तसाच अडेलतट्टू आहे. गाईचं डिशमध्ये जमतं, माणसांचं जमतं, आणि हा महाशय अंड्याशेजारी सोडला की लग्नाला आलेल्या लांबच्या काकांसारखा भिंतीला टेकून उभा. आता कुठे कुठे त्याला आधी बराच वेळ भिजवून तयार करतात आणि मग तो आपणहून आत शिरतो, असं डॉक्टरीण सांगत होती. आपण अजून सुईवर. एकेकाला शेपटीकडून धरून सुईत घ्यायचं, अंड्याच्या कवचाला बारीक धक्के देत भोक पाडायचं आणि ढकलायचं आत. नऊच्या नऊ टोचली. सात दुभंगली. दोनाचे चार, चाराचे आठ. मी पागेत जाऊन मोतद्दाराला सांगून आले, इतका आनंद झाला.

तोच आपला जुना मोतद्दार. मला बघून म्हणाला, "या बाईसाहेब. काजळी ओळखणार नाही तुम्हाला, तुमचा तो स्पिरिटचा वास गेलाय." मग म्हणाला, "भिंगरीबाई बऱ्या आहेत ना? त्यांच्या खिशात गाजर असायचं." काजळीने माझा खिसा हुंगला, काही सापडलं नाही तेव्हा फुरफुरली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. तुझीच शिकवण.

आज सहावा दिवस. सातही गर्भ काल थांबले. घोड्याचा गर्भ आधीच चरबीने काळाकुट्ट, डांबराच्या गोळीसारखा, आत काय चाललंय ते दिसत नाही. पण मेलेलं मला कळतं. सगळं मी माझ्या हाताने केलं होतं. माझ्या हाताने.

शाळेत असल्यापासून मी कधी कशात नापास झालेले नाही. सत्तावीस तारखेला सोळा दिवस उरले.

तुझ्या नवऱ्याची मोठी बहीण


१६ फेब्रुवारी

सौभाग्यवती भिंगरीबाई यांस,

कार्ड मिळालं. चौदा वर्षांनी नणंदेला उत्तर, आणि त्यात किती ओळी? एक! "पुसल्यावर किती वेळ थांबता?" वर मायना नाही, खाली सही नाही. तुझ्या नवऱ्याने निदान हवामान तरी लिहिलं असतं.

काय सुचवायचंय तुला? मी नीट पुसत नाही? कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी सिस्टर नखांवर फूटपट्टी ठेवून बघायच्या. अकरा वर्षांत मला एकदाही ती बसली नाही. वर्गातल्या बाकीच्या सगळ्यांना बसली. स्वच्छता कोणाला शिकवतेस? जिच्या ॲप्रनच्या खिशात गाजराचे तुकडे असायचे, ती तू! जी इनक्युबेटर पुसून झाला की दार सताड उघडं टाकून चहाला जायची आणि अर्ध्या तासाने हलत डुलत परत यायची, वर मलाच विचारायची, "ताई, तुम्ही नाही घेतलात?" ती तू!

तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.

जिला तू चांगली ओळखतेस ती

ता. क. थांबत नाही. नियम चार वाच. का विचारलंस?

ता. क. दुसरी. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. अर्धा तास. तू दर वेळी अर्धा तास जायचीस.


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

बसली असशील तर उभी राहा, उभी असशील तर बस. कळलं! मला कळलं!

पण क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील ताई नेहमी शेवट आधी सांगतात.

सोळा तारखेला पाकीट टपालपेटीत टाकलं आणि तडक प्रयोगशाळेत गेले. तळमजल्यावरच्या कपाटात आपली जुनी रजिस्टरं आहेत. आठवतं ना, डिश कोणी ठेवली ते कळावं म्हणून आपण कडेला खूण करायचो, मी फुली आणि तू टिंब. तू होतीस त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांची पानं काढली आणि डॉक्टरिणीला समोर बसवलं. ती वाचत गेली, मी लिहीत गेले. फुलीचे शंभर गर्भ घेतले तर त्यातले शेवटपर्यंत पोचलेले नऊ. टिंबाचे शंभरातले तेवीस.

डॉक्टरीण म्हणाली, "बाई, हे तुम्ही तेव्हा पाहिलं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही."

आता तुला लिहिते आहे तर खरं लिहिते. पाहिलं होतं. दर वर्षाअखेर मीच बेरजा करायचे. मी स्वतःला सांगितलं होतं की भिंगरीच्या वाट्याला चांगल्या घोड्या येतात.

मग आम्ही दोघी नुसत्या त्या पेटीकडे बघत बसलो. विचार कर, डिशमध्ये थेंब, थेंबात गर्भ, थेंबांवर तेलाचा थर. आणि तेलाचं कसं असतं? फ्रीजमध्ये कापलेला कांदा ठेवला की लोण्याला वास लागतो. मी पेटी आतून स्पिरिटने दोनदा पुसणार, वाफ आत कोंडलेली असतानाच डिश ठेवणार आणि वर घट्ट झाकण लावणार. ती वाफ जाणार कुठे? तेलात. आणि तेलाखाली तो बिचारा काळा ठिपका, पाच दिवस पीत बसलाय! आपल्या मोठ्या कपाटात जागा होती, शेजारी खिडकी उघडी असायची, म्हणून माझे नऊ तरी वाचले. पाच महिन्यांपूर्वी हे पावाचे डबे आले, तेव्हापासून एकही नाही. आणि तू पुसून, दार उघडं टाकून चहाला जायचीस. वाफ उडून जायची. मी त्याला कामचुकारपणा म्हणायचे.

सतरा तारखेला आठ अंडी टोचली. चार माझ्या पाटीप्रमाणे ठेवली. चार दुसऱ्या पेटीत, पुसून, झाकण उघडं ठेवून, अर्धा तास थांबून. त्या अर्ध्या तासात काय करावं हे आम्हा दोघींनाही कळेना. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "बाई, चहा घ्यायचा का?" मी तिच्याकडे असं पाहिलं की ती एकटीच गेली.

आज सातवा दिवस. माझ्या पाटीचे चारही परवा, पाचव्या दिवशी थांबले. दुसऱ्या पेटीतले दोन पाचव्या दिवसापुढे गेले आणि त्यातल्या एकाला सकाळी कडेने फिकट किनार सुटली आहे! पाच महिन्यांत पहिल्यांदा! डॉक्टरिणीने मला मिठी मारली. तिचा चष्मा माझ्या कानात गेला. आठ अंड्यांवर शास्त्र उभं राहत नाही हे मला समजतं, पण आठ अंडी आणि तीन वर्षांची रजिस्टरं मिळून राहतं.

आता ते लिहिते, जे लिहायला सकाळपासून टाळते आहे.

चौदा वर्षांपूर्वी काजळी दहा वर्षांची होती. एका खेपेला तिचे सात गर्भ झाले होते, सात! त्या दिवशी पाहुणे येणार होते म्हणून मी इनक्युबेटर तीनदा पुसला. थंडी होती, खिडकी बंद होती. डिश मी ठेवली, तुला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी सातही मेले. तू त्या दिवसांत अधूनमधून दार उघडून डोकावायचीस. ते मी पाहिलं होतं. संचालकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मी म्हटलं, "हिने पाच वेळा दार उघडलं, गर्भांना थंडी लागली." त्यांनी मला विचारलं, "तुम्ही नेहमीपेक्षा वेगळं काही केलं होतं?" मी म्हटलं, "काही नाही."

तू म्हणालीस, "ताई, पुसल्यावर..." आणि मी म्हटलं, "मधे बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास. महिन्याभरात तुम्ही दोघं गेलात. मी सगळ्यांना सांगत आले की भिंगरी मधे मधे बोलते.

कार्डावर तू तेच वाक्य पुरं केलंस, हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे.

काजळीची अंडी परवा नाही तेरवा.


१ मार्च, दुपार

भिंगरी, ऐक,

काजळीला थोडं गुंगीचं औषध देऊन उभी केली. मोतद्दार तिच्या डोक्याशी. तो तिच्या कानात सारखं काहीतरी बोलत होता. मी विचारलं, "काय सांगतोस?" तर म्हणाला, "भिंगरीबाई येणार आहेत म्हणून सांगतोय. खोटं बोललं की शांत उभी राहते."

डॉक्टरिणीचा हात बघण्यासारखा झाला आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन्ही अंडाशयं मिळून अंड्यांचे सहाच फुगे दिसत होते. तरुण घोडीत वीस असतात. घोडीचं अंडं भिंतीला गोचिडासारखं चिकटून बसतं. गाईसारखं नुसतं ओढलं की येत नाही. सुई फिरवायची, भिंत खरवडायची, पाणी सोडायचं, ओढायचं, पुन्हा सोडायचं. एकेका फुग्याला दहा दहा वेळा. मी शेजारच्या खोलीत ते लालसर पाणी डिशमध्ये ओतून शोधत होते. पहिला फुगा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यात सापडलं! मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडे काजळीने कान टवकारले म्हणे. सहा फुग्यांतून चार अंडी. चौथं अगदी शेवटच्या पाण्यात. डॉक्टरीण म्हणत होती, "बाई, आता बस करू, ती दमली." मी म्हटलं, "एकदाच." ते एकदाच नसतं केलं तर!

रात्रभर अंडी पिकत ठेवली. चारांतली तीन पिकली. काल दुपारी टोचली.

टोचण्याच्या आधी पेटी मी पुसली. एकदाच. झाकण उघडं ठेवलं आणि घड्याळ लावलं. मग डॉक्टरिणीला म्हटलं, "चल, चहा घेऊ." तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. पायरीवर बसून आम्ही चहा प्यायलो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी त्या पायरीवर पहिल्यांदा बसले. तिथून पागा दिसते हे मला माहीत नव्हतं. काजळी कुंपणावरून मान काढून आमच्याकडेच बघत होती. तू इथे बसून तिच्याकडे बघायचीस, हो ना?

आज दुपारी बघितलं. तीनांपैकी दोन दुभंगली.

दोन, भिंगरी. लहानपणी निकालाच्या दिवशी बघायचे तशी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघते आहे.


९ मार्च

भिंगरी,

एक चौथ्या दिवशी थांबला. मी लगेच लिहिलं नाही, कारण लिहिलं की खरं होईल असं वाटलं. शास्त्राची पदवी घेतलेल्या बाईने असं वाटून घेऊ नये. पण वाटलं.

उरला एक. पाचवा दिवस गेला, तो होता. सहावा, होता. सातव्या दिवशी किनार यायला हवी, आली नाही. आता मी तुला काय सांगते ते तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस: सातव्या दिवशी मी तीन वेळा झाकण उघडून बघितलं. मी! डॉक्टरिणीने तिसऱ्यांदा पकडलं.

"बाई, झाकण!"

"एकदाच बघते."

"हे तिसरं एकदाच आहे."

तू का डोकावायचीस ते मला साठी उलटल्यावर कळलं. नुसतं वाट बघणं जमत नाही गं. तो काळा ठिपका एवढासा, आत सगळी काजळी, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

आठव्या दिवशीही नाही. डॉक्टरिणीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

आज नववा दिवस. सकाळी सात वाजता मायक्रोस्कोपखाली धरला आणि आधी वाटलं भिंगावर काही लागलंय. भिंग पुसलं (कोरड्या कापडाने, हसू नकोस). पुन्हा बघितलं. कडेने फिकट, लखलखीत, गोल किनार! सगळीकडून! डॉक्टरिणीला हाक मारायचं सोडून मी टेबल वाजवलं. तिला वाटलं मला काहीतरी झालं, ती धावत आली. मग तिने बघितलं आणि तीही टेबल वाजवायला लागली.

इथे गर्भ सांभाळणाऱ्या घोड्यांना सगळे मावश्या म्हणतात. आमची मावशी भुऱ्या रंगाची, दांडगी, स्वभावाने माझ्यासारखी. दुपारी बाराला गर्भ तिच्यात ठेवला. नळीच्या टोकाला तो एवढासा थेंब आत जाताना मोतद्दाराने टोपी काढून हातात धरली. मी त्याला विचारलं, "आता हिच्या कानात काय सांगितलंस?"

"काही नाही, बाईसाहेब. मावशीला खोटं कळतं."

आता थांबायचं. थांबणं मी तुझ्याकडून शिकते आहे, त्यामुळे अजून नीट येत नाही.

ताई


२८ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. या वेळी दोन वाक्यं, म्हणजे प्रगती आहे. "काजळीला गाजर द्या. लांब कापून, गोल नको." मी जे सगळं लिहिलं त्याबद्दल एक अक्षर नाही. मी माफी मागितली नव्हती, हे खरं. लिहिताना मला वाटलं होतं की मागितली आहे. पुन्हा वाचल्यावर दिसलं की सगळं लिहिलं आणि तेवढं राहिलं.

गाजर लांब कापून नेलं. तिने खाल्लं. पाठ फिरवली नाही.

आता ऐक. आज अठ्ठाविसावा दिवस. चौदाव्या दिवशी पडद्यावर गोल पिशवी दिसली होती, पण मी मुद्दाम कळवलं नाही; पिशवी आणि शिंगरू यांच्यात फार अंतर असतं. आज सकाळी मावशीला पुन्हा तपासलं. डॉक्टरीण पडद्यासमोर, मी तिच्या मागे चवड्यांवर उभी. काळ्या गोलाच्या तळाशी एक पांढरा तुकडा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकतंय. चालू, बंद, चालू, बंद. किती घाई होती त्याला!

मी डॉक्टरिणीला म्हटलं, "हे पडद्याचं आहे का?"

ती म्हणाली, "बाई, हे काळीज आहे."

पागेत सगळे हसत होते. मोतद्दार काजळीला मावशीच्या शेजारी घेऊन आला, तिला पडदा दाखवायला. तिने पडदा हुंगला आणि त्यावर फुरफुरली. सगळी काच ओली. मी ती पुसली नाही.

नंतर मी तळमजल्यावर गेले. चौदा वर्षांपूर्वीचं ते पान काढलं. तिथे माझ्या अक्षरात लिहिलं आहे: काजळीचे सात गर्भ, पाचव्या दिवशी मृत, कारण सहायिकेने वारंवार दार उघडले. त्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: कारण, मी पेटी तीनदा स्पिरिटने पुसून लगेच डिश ठेवली, सहायिका हे सांगत होती, मी सांगू दिलं नाही. तारीख घातली, सही केली. डॉक्टरिणीने साक्षीदार म्हणून सही केली. तिला वाचताना माझ्याकडे बघवेना, मग मीच म्हटलं, "बघ गं, मेली नाहीये मी." त्या पानाची एक प्रत आपल्या जुन्या संचालकांना पाठवली. ते आता नव्वदीचे आहेत, पण डोकं शाबूत आहे असं ऐकते. एक तुझ्या नवऱ्याला पाठवली. त्याने हवामान सोडून कशावर तरी लिहावं. एक या पत्रासोबत आहे.

भिंतीवरची पाटीही काढली. नवी डॉक्टरिणीने लिहिली आहे, माझं अक्षर आता नको म्हटलं. चौथा नियम असा: पुसल्यावर अर्धा तास झाकण उघडं ठेवा, चहाला जा.

भिंगरी, माझं चुकलं. सात गर्भांचं चुकलं, ते अज्ञान होतं. तुझं चुकलं ते अज्ञान नव्हतं. मला माझी खुर्ची सांभाळायची होती आणि तू समोर होतीस.

शिंगरू यायला अजून दहा महिने आहेत. मधे शंभर गोष्टी होऊ शकतात, तुला मी काय सांगायचं. काजळी तोवर राहील का तेही माहीत नाही. पण पाय आत दुमडला तर मावशीच्या पोटात कोणाचा हात जाणार? डॉक्टरिणीचा हात आखूड आहे आणि माझ्या हाताला आता कोपरापाशी लचक आहे. तुझ्या हाताएवढा लांब हात इथे कोणाचा नाही. याचा विचार कर. निर्णय आज सांगायला नको.

आज मात्र एक कर. पत्राच्या वर माझा नंबर लिहिला आहे. फोन कर. "ताई, पुसल्यावर" इथून सुरू कर आणि चौदा वर्षांत जे जे साठलंय ते सगळं शेवटपर्यंत सांग. शिव्या असतील तर त्याही.

मी मधे बोलणार नाही.

ताई